वीस मिनिटांचं आकाश

युटाच्या वाळवंटातल्या एखाद्या चिंचोळ्या घळीचं रात्रीचं छायाचित्र समोर आलं की मी आधी दगड पाहत नाही, तारे पाहते. दोन्ही बाजूंना लाल-नारिंगी भिंती, मधे आकाशाची पट्टी, आणि त्या पट्टीत अगदी डोक्यावर आकाशगंगेचा सगळ्यांत तेजस्वी, फुगीर भाग दिसत असेल, तर ते आकाश त्या जागेचं नाही हे लगेच कळतं. दगड खरा असतो, तारेही खरे असतात. त्यांची गाठ मात्र संगणकावर घातलेली असते.

हे ओळखायला फार काही लागत नाही, थोडी भूमिती पुरते. आकाशगंगेच्या केंद्राकडचा तो भाग धनू राशीत येतो, खगोलीय विषुववृत्ताच्या सुमारे २९ अंश दक्षिणेला. महाराष्ट्रातून पाहताना तो दक्षिणेच्या आकाशात ४२ अंशांच्या आसपास चढतो, म्हणजे मान थोडी वर केली की नीट दिसतो. दक्षिण युटा साडेसदतीस अक्षांशावर आहे. तिथे तो क्षितिजापासून जेमतेम २३-२४ अंश वर येतो आणि मावळतीकडे कलतो. आता पंधरा मीटर उंचीच्या भिंतींमध्ये, तळाशी उभं राहून इतकं खालचं काही दिसायचं असेल, तर समोर दक्षिणेकडे घळ निदान पस्तीस मीटर सरळ जायला हवी. घळी अशा सरळ जात नाहीत. पाच-सात पावलांवर वळतात, पुन्हा वळतात, आणि प्रत्येक वळणाला दक्षिण भिंतीआड जाते.

घळीतून दिसतं ते डोक्यावरचं आकाश. त्या अक्षांशावर अभिजित तारा जवळजवळ माथ्यावरून जातो. त्याच्या मागोमाग हंस तारकासमूह, आणि हंसाच्या पाठीवरून जाणारा आकाशगंगेचा दाट पट्टा. मध्यरात्र उलटली की देवयानी दीर्घिका. कोणता तारा आत घ्यायचा, कधी घ्यायचा आणि किती वेळ ठेवायचा हे घळच ठरवते. मला रात्री तिथे जाऊन हेच टिपायचं असतं. दुसरं आकाश आणून चिकटवलं तर घळीने केलेली निवडच पुसली जाते, आणि उरतो तो फक्त एक वळणदार लाल दगड.

मी ज्या घळींबद्दल सांगते आहे त्या एस्कलांट गावाच्या दक्षिणेला, ड्राय फोर्क नावाच्या कोरड्या ओढ्यात आहेत. गावाबाहेर १२ क्रमांकाच्या महामार्गावरून 'होल इन द रॉक' नावाचा कच्चा रस्ता फुटतो. १८७९-८० च्या हिवाळ्यात मॉर्मन पंथाची सुमारे अडीचशे माणसं याच वाटेने बैलगाड्या आणि घोडागाड्या घेऊन कोलोरॅडो नदीच्या कड्यापर्यंत गेली, आणि कड्यातली भेग रुंद करून त्यांनी गाड्या दोरांनी खाली सोडल्या. त्यावरून रस्त्याचं नाव पडलं. आज त्यावर चाळीसेक किलोमीटर गाडी खडखडत न्यावी लागते. पाऊस पडला की तीच माती चाकांना लोण्यासारखी लागते आणि रस्ता बंद होतो. हा सगळा प्रदेश 'ग्रँड स्टेअरकेस-एस्कलांट' या १९९६ साली घोषित झालेल्या राष्ट्रीय स्मारकात येतो. जवळपास मोठं शहर नाही, त्यामुळे क्षितिजावर दिव्यांचा उजेड जवळजवळ नसतो.

जगभर ज्या घळीची चित्रं फिरतात ती ॲरिझोनातली अँटिलोप कॅनियन. ती नवाहो लोकांच्या भूमीवर आहे, आणि तिथे नवाहो वाटाड्यासोबतच, ठरलेल्या वेळीच जाता येतं. हे योग्यच आहे, ती त्यांची जागा आहे. पण रात्रभर एका वळणाशी बसून राहायचं तर दुसरीकडे जावं लागतं. ड्राय फोर्कमध्ये तशी मुभा आहे. मुक्काम करायचा तर परवाना घ्यावा लागतो, आणि तो मोफत मिळतो.

मी जाते ती माझ्या मावसभावाबरोबर. दादा सॉल्ट लेक सिटीत राहतो. डोंगरात वाढलेल्या माणसासारखा तो पायाखाली पाहून चालतो आणि न विचारता बोलत नाही. रात्री घळीत एकटीने उतरू नये, हा नियम मी कोणासाठीही मोडणार नाही. शिवाय या कामाला दुसरा माणूस लागतोच, कारण कॅमेरा एका वळणावर असतो आणि दिवा दुसऱ्या.

खडकाबद्दल आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. हा नवाहो वालुकाश्म. सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वी, ज्युरासिक काळाच्या सुरुवातीला, इथे वाळूच्या टेकड्यांचा अफाट समुद्र होता. पृथ्वीच्या इतिहासातल्या सगळ्यांत मोठ्या वाळवंटांत त्याची गणना होते. त्या टेकड्या एकीवर एक चढत, गाडल्या जात, दगड झाल्या. वारा ज्या दिशेने वाळू ढकलत होता त्या दिशेचे तिरपे थर अजून भिंतीत स्पष्ट दिसतात. कणांभोवती लोहाच्या ऑक्साइडचा पातळ लेप आहे, त्याने दगडाला लाली येते. घळ कोरली ती मात्र पाण्याने. दगडातल्या भेगेत पावसाचा लोंढा शिरतो, बरोबर वाळू आणि गोटे आणतो, आणि त्या गोट्यांनी भिंत घासत खाली खाली उतरतो. म्हणून भिंतीवर पन्हाळी, खळगे, वाटीसारखे कोरलेले कोपरे दिसतात. वर्षातले बहुतेक दिवस तिथे पाण्याचा थेंब नसतो, तरी प्रत्येक रेष पाण्याचीच आहे.

दिवसा घळ उजळते तीही तिच्याच रीतीने. सूर्य तळापर्यंत क्वचित पोचतो. ऊन वरच्या भिंतीला लागतं, तिथून समोरच्या भिंतीवर उडतं, तिथून पुन्हा अलीकडे, आणि असं ठोकरत खाली येतं. या दगडावर आपटताना प्रकाशातला निळा भाग जास्त शोषला जातो आणि तांबडा जास्त परत फिरतो. एका आपटीत नारिंगी, तीन-चार आपट्यांनंतर गडद शेंदरी, आणि अगदी खोल कोपऱ्यात, जिथे आकाशाचा थोडा निळा उजेड सरळ पडतो, तिथे जांभळट. दिवसा छायाचित्रं काढणारे सगळे या खेळामागे असतात.

रात्रीचं काम मला यातूनच शिकता आलं. रात्री बहुतेक लोक डोक्याला लावलेली विजेरी भिंतीवर मारतात, आणि भिंत सपाट, पिवळी, मेलेली दिसते. समोरून आलेला प्रकाश दगडाचे सगळे उंचवटे पुसून टाकतो. दगडाने दगडाला उजेड द्यावा, तरच तो दगडासारखा दिसतो. म्हणून दिवा कॅमेऱ्याला दिसणाऱ्या भिंतीवर कधीच रोखायचा नाही. तो पुढच्या वळणाआड न्यायचा, कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या भिंतीकडे वळवायचा, आणि तिथून परतलेला उजेड वळण घेऊन आपल्याकडे येऊ द्यायचा. एवढ्यात तो दोन-तीन वेळा दगडावर आपटलेला असतो, आणि दिव्याचा रंग निघून जाऊन घळीचा रंग उरलेला असतो.

गेल्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला, अमावास्येच्या सुमारास आम्ही गेलो होतो. ऑक्टोबरच का, याची कारणं दोन. एक तारे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिथे संधिप्रकाश पूर्ण सरतो तो साडेआठच्या आसपास, आणि रात्री नऊच्या सुमाराला हंस अगदी माथ्यावर असतो. त्या वेळी आकाशगंगा नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे पसरलेली असते. म्हणजे घळीचा जो तुकडा नैर्ऋत्य-ईशान्य जातो, त्याच्या पट्टीत ती लांबीने उतरते. दुसऱ्या दिशेच्या तुकड्यात ती फक्त आडवी ओलांडून जाते. दुपारी दादा आणि मी होकायंत्र घेऊन ड्राय फोर्कच्या वरच्या घळीत वळणामागून वळण तपासत गेलो. बहुतेक वळणं दिसायला देखणी आणि दिशेने निरुपयोगी होती. मग एक तुकडा मिळाला. आठ-दहा पावलं सरळ, दिशा बरोबर, वर भिंती एकमेकींकडे झुकलेल्या पण मिटलेल्या नाहीत, आणि पुढे दिवा लपवायला पुरेसं वळण. वाळूत पाय रोवून तिथे उभी राहिले आणि वर पाहिलं. मीटरभर रुंद पट्टी, पंधरा-एक मीटर वर. हिशेब करायचा तर आकाशाचे चार अंशही नाहीत. माथ्यावरच्या ताऱ्याने ही पट्टी आडवी ओलांडायला साधारण वीस मिनिटं घ्यावीत. तिरपा गेला तर थोडी अधिक.

दुसरं कारण पाऊस. अमेरिकेच्या नैर्ऋत्येलाही पावसाळा असतो, जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. दुपारी ढग चढतात, कुठेतरी अर्धा तास कोसळतात, आणि उघड्या खडकावरून ते सगळं पाणी एकाच भेगेकडे धावतं. १२ ऑगस्ट १९९७ ला खालच्या अँटिलोप कॅनियनमध्ये अशा लोंढ्यात ११ पर्यटकांचा जीव गेला. पाऊस काही मैल दूर पडला होता, घळीवर नव्हे. १४ सप्टेंबर २०१५ ला झायन राष्ट्रीय उद्यानातल्या कीहोल कॅनियनमध्ये सात जणांचा. रात्री हा धोका वाढतो, कारण ढग दिसत नाहीत. आपल्याला दिसते ती चार अंशांची पट्टी, आणि ती तर ताऱ्यांनी भरलेली असते. म्हणून निर्णय वर, उजेडात, पूर्ण पाणलोटाचा अंदाज पाहून घ्यायचा असतो. फक्त आपल्या डोक्यावरचा अंदाज पाहून भागत नाही. खाली उतरल्यावर निर्णय घ्यायला उशीर झालेला असतो. ड्राय फोर्कच्या घळीत माझ्या उंचीच्या बऱ्याच वर, दोन भिंतींमध्ये अडकलेलं एक झाडाचं खोड आहे. पाणी कुठवर येतं ते तिथे कोणी सांगावं लागत नाही. हवामान खात्याच्या पानावर शंकेची एक ओळ दिसली तरी आम्ही उतरत नाही, आणि दोघांपैकी एकाचं मन धजत नसेल तरी नाही.

उतरलो ते उजेड असतानाच. रात्री पहिल्यांदा जागा शोधायची नसते, दुपारी शोधलेल्या जागेवर अंधार पडेपर्यंत थांबायचं असतं. वाटेत ओढ्याच्या वाळूतूनच चाललो, कारण काठावरची काळी, खडबडीत माती जिवंत असते. तिच्यात शैवाल आणि सूक्ष्मजीव मातीचे कण बांधून ठेवतात, आणि एका पावलाने मोडलेली ती साय पुन्हा जमायला वर्षानुवर्षं लागतात. समोरच्या उत्तर भिंतीत 'पीक-अ-बू' घळीचं तोंड उंचावर आहे. तिथे खडकात कोरलेल्या पायऱ्यांवरून चढावं लागतं. खालच्या अंगाला 'स्पूकी' नावाची घळ, काही ठिकाणी वीतभरापेक्षा थोडीच रुंद. पाठीवरची पिशवी काढून, हातात धरून, कुशीवर सरकत जावं लागतं. ट्रायपॉड लावायला तिथे वावच नाही. छायाचित्रणाला वरचीच घळ बरी.

ट्रायपॉडचे तीन पाय पूर्ण पसरत नाहीत. दोन वाळूत दाबून, तिसरा भिंतीच्या पायाशी, दगडाला ओरखडा पडू नये म्हणून रबराच्या टोपीवर. वाळू इथे पिठासारखी बारीक आहे आणि वरून वाऱ्याने सतत झरत राहते. म्हणून लेन्स गाडीतच लावून आणायची, घळीत बदलायची नाही. कॅमेरा कमरेच्याही खाली ठेवला, तोंड वर. १४ मिलिमीटरची रुंद लेन्स, छिद्र पूर्ण उघडं, म्हणजे एफ २.८.

फोकस ही घळीतली सगळ्यांत कष्टाची गोष्ट आहे. तारे अनंतावर, आणि भिंत कॅमेऱ्यापासून अर्ध्या मीटरवर. या लेन्सला या छिद्रावर सव्वा मीटरपासून पुढचं सगळं बऱ्यापैकी नीट दिसू शकतं, पण मग तारे किंचित फुगतात. तारा टाचणीच्या टोकासारखा हवा असेल तर फोकस ताऱ्यावरच लावावा लागतो. उघड्यावर हे सोपं असतं, एखादा ठळक तारा धरायचा आणि पडद्यावर दहापट मोठा करून पाहायचा. पट्टीत ठळक तारा असेलच असं नाही. त्या संध्याकाळी अभिजित पश्चिमेकडच्या कडेआड जाण्याच्या बेतात होता. त्याच्यावर फोकस बसवला, रिंगवर चिकटपट्टी लावली, आणि मग तो गेला.

त्यानंतरचा अर्धा तास काहीच करायचं नसतं. डोळ्यांना अंधार सरावायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो, आणि विजेरीच्या एका झोताने तो सराव मोडतो. दादा बसला होता तिथून त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. थंड हवा जड असते, वरून ओघळून घळीत साचते. पाय आधी गारठतात. जागा बदलताना दादा अतिनील किरणांची छोटी विजेरी भिंतीच्या फटींवर फिरवतो, कारण त्या किरणांत विंचू हिरवे चमकतात. हात टेकण्यापूर्वी ही तपासणी करायची, हा त्याचा नियम आहे आणि चांगला आहे.

मग दिवा. आम्ही दोन छोटे एलईडी पॅनेल वापरतो. त्यांची शक्ती सगळ्यांत खालच्या पायरीवर आणली तरी ती जास्तच असते, म्हणून वर बटर पेपरचे दोन-तीन थर. दादा वळणाआड गेला.

"दादा, अजून मागे."

"किती?"

"मला भिंत दिसेनाशी होईपर्यंत."

"मग उपयोग काय?"

"कॅमेऱ्याला दिसेल."

हेच प्रमाण आहे. भिंतीवर उजेड पडलेला डोळ्यांना ठळक कळत असेल तर तो फार झाला. वीस सेकंदांच्या एका एक्स्पोजरमध्ये, ६४०० आयएसओवर, तारे आणि भिंत दोन्ही एकाच वेळी नीट यायला हवेत. म्हणून भिंतीवरचा प्रकाश ताऱ्यांच्या प्रकाशाच्या पंगतीला बसेल इतका मंद करावा लागतो. रॉइस बेअर आणि वेन पिंकस्टन या छायाचित्रकारांनी मंद, स्थिर दिव्यांची ही पद्धत अनेकांपर्यंत नेली. त्याआधी लोक एक्स्पोजर चालू असताना विजेरी हातात धरून भिंतीवर फिरवायचे, आणि प्रत्येक चित्रात प्रकाश वेगळा पडायचा. स्थिर दिव्याने तसं होत नाही. दगडाचा कुठला भाग उजळतो आणि कुठला नाही हे पाहून दिवा एक बोट हलवता येतो.

दिवा वाळूवर ठेवला की प्रकाश खालून येतो, आणि खालून उजळलेली घळ खोटी वाटते. का, ते पाहणाऱ्याला सांगता येत नाही, पण वाटते. दिवसा इथे सगळा उजेड वरून येतो, सावल्या खाली पडतात, आणि तिरप्या थरांच्या रेषा त्यामुळेच उठून दिसतात. म्हणून दादा काठीच्या टोकाला दिवा बांधून तो डोक्यावर धरून उभा राहतो. वीस सेकंद, पुन्हा वीस सेकंद, पुन्हा. दिवा वरच्या भिंतीवर आपटून खाली आला की पन्हाळीची एक कड उजळते, तिच्यामागची वाटी अंधारात राहते, आणि दगडाला पुन्हा खोली येते. ज्या वळणाआड दादा होता तिथून आलेला प्रकाश जवळच्या भिंतीवर तांबूस होता, दूरच्या वळणाच्या आतल्या कडेवर जवळजवळ रक्तवर्णी. तोच दिवा, तोच दगड. फरक फक्त किती आपट्या झाल्या याचा.

हे मी नंतर पडद्यावर पाहिलं. त्या क्षणी डोळ्यांना यातलं काहीच दिसत नव्हतं. इतक्या कमी उजेडात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम थांबवतात. ज्या पेशी अंधारात पाहतात त्यांना रंग कळत नाही, आणि तांबड्या प्रकाशाला त्या जवळजवळ आंधळ्या असतात. त्यामुळे जो दगड दुपारी सगळ्यांत लाल असतो तोच रात्री सगळ्यांत काळा दिसतो. मी राखाडी भिंतींमध्ये उभी होते, आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर तीच भिंत शेंदरी होती. यातलं कुठलं खरं, असं मला विचारतात. माझं उत्तर असं: लाली दगडात आहे, ती कॅमेऱ्याने घातलेली नाही. पण ती किती गडद दाखवायची हे माझ्या हातात येतं, आणि तिथे मी हात आखडता ठेवते. दुपारी त्याच वळणाचं एक साधं चित्र काढून ठेवते, आणि रात्रीचा दगड त्या दुपारच्या दगडापेक्षा जास्त लाल होऊ देत नाही.

आपल्याकडे भंडारदऱ्याजवळ साम्रद गावाची सांदण दरी आहे. चिंचोळी, खोल, तळाशी थंडगार. तिथे हीच युक्ती करून पाहिली, पण दिवा वळणाआड नेला की वळणाआडच राहतो. सांदणचा दगड काळा बेसाल्ट. तो प्रकाश परत देत नाही, गिळतो. तिथे सरळ चंद्राचा उजेड लागतो. त्या काळ्या दरीत रात्र काढल्यावर मला वालुकाश्माची किंमत खऱ्या अर्थाने कळली.

नऊ वाजून गेले आणि हंसाची मान पट्टीत शिरली. तारे फिरतात ते कॅमेऱ्याला फार लवकर कळतं. १४ मिलिमीटरच्या लेन्सवर साधारण सहा सेकंदांत तारा एक पिक्सेल सरकतो, वीस सेकंदांत तीन-साडेतीन. छोट्या छपाईत ते दिसत नाही, मोठ्या छपाईत तारा जरा लांबट होतो. वीस सेकंदांच्या पुढे मी जात नाही. त्याऐवजी लागोपाठ एक्स्पोजर घेते, कारण नंतर एकावर एक ठेवून सरासरी काढली की अंधारातली गोंगाटासारखी कणकण कमी होते. आकाशगंगा सरळ पट्टीत आली, हंसापासून निघणारी तिच्या मधली धुळीची काळी चीर डाव्या भिंतीच्या कडेला समांतर धावू लागली, आणि मग पूर्ण पट्टी दुधाळ झाली. मी फक्त बटण दाबत होते. दादाचा खांदा दुखत होता हे मला त्याच्या आवाजावरून कळलं, दिवा हलला म्हणून नव्हे. मग पट्टीच्या पूर्वेकडच्या काठाने काळं आकाश आत यायला लागलं आणि हंस पश्चिमेकडच्या दगडाआड गेला.

त्यानंतर ट्रायपॉड न हलवता, दिवा तसाच ठेवून, फोकस जवळच्या भिंतींवर आणून तीन-चार एक्स्पोजर घेतले. चित्राच्या कडेचा दगड स्पष्ट यावा म्हणून हे करावं लागतं. हे जोडकाम मला चालतं: तीच जागा, तीच रात्र, तेच आकाश, फक्त फोकस वेगळा. काही मंडळी याच्याही विरोधात आहेत, त्यांचं म्हणणं मी मान देऊन ऐकते. मला रेषा दुसरीकडे ओढावीशी वाटते. घळीने जे दाखवलं नाही ते तिच्या तोंडी घालायचं नाही.

दिव्याबद्दलही मतभेद आहेत आणि ते रास्त आहेत. युटातल्या आर्चेस आणि कॅनियनलँड्स या राष्ट्रीय उद्यानांत रात्रीच्या छायाचित्रणासाठी कृत्रिम प्रकाश टाकायला मनाई आहे. याच युटात नॅचरल ब्रिजेस हे २००७ साली जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय अंधार-आकाश उद्यान ठरलं. अंधार पाहायला आलेल्या माणसाच्या डोळ्यावर कोणाचा तरी दिवा पडणं हा त्याच्या रात्रीवरचा अन्याय आहे, आणि घुबडं-वटवाघळांवरही. घळीत दिवा भिंतींच्या आतच राहतो, तरी कोणाची चाहूल लागली की आम्ही आधी दिवा विझवतो, मग बोलतो.

मध्यरात्र उलटून एकच्या सुमाराला देवयानी पट्टीत आली. नुसत्या डोळ्यांना ती पुसट डाग दिसते. सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवरची दीर्घिका, मीटरभर रुंदीच्या पट्टीत. तिचं छायाचित्र घेतलं नाही. दिवे बंद केले होते, दादा वाळूवर आडवा झाला होता, आणि ती पट्टी ओलांडेपर्यंत आम्ही नुसते पाहत राहिलो.

चित्र तयार झालं की मी त्याच्याबरोबर काही गोष्टी लिहून ठेवते: वेळ, घळीच्या त्या तुकड्याची दिशा, दिवे किती आणि कुठे होते, किती एक्स्पोजर जोडले आणि कशासाठी. ज्याला आकाश तपासायचं असेल त्याला तपासता यावं. तारा खोटा असेल तर तो या चार ओळींवरून पकडता येतो, माझाही.

पुढचा बेत दिव्याशिवायचा आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्यापेक्षा सुमारे चार लाख पटींनी मंद असतो, पण त्याचा प्रकाश सूर्याचाच, आणि दगडावर तो तसाच आपटत खाली येतो. उन्हाळ्यातला पौर्णिमेचा चंद्र त्या अक्षांशावर दक्षिणेला खालून जातो आणि घळीला तोंडही दाखवत नाही. मार्गशीर्षातला मात्र ७५ अंशांच्याही वर चढतो. त्या रात्री तारे कमी दिसतील, आकाशगंगा जवळजवळ नाहीच, आणि थंडी शून्याच्या बरीच खाली असेल, म्हणून बॅटऱ्या कपड्यांच्या आत, अंगाशी ठेवाव्या लागतील. दिवे गाडीतच राहतील. चंद्र वरच्या भिंतीला लागला की पहिल्या काही मिनिटांत घळीचा कोणता भाग आधी उजळतो आणि कोणत्या क्रमाने, हे दादाने वहीत लिहायचं आणि मी त्या क्रमाने कॅमेरा सरकवायचा, असं ठरलं आहे.